बाळंतपण माहेरी की इथेच? पाचव्या महिन्यातच ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मराठी कुटुंबांबरोबर अमिरातीतही आली. दुबईच्या करामातल्या किंवा शारजाच्या अल नहदातल्या घरात गोड बातमी कळते आणि सांगली-साताऱ्याकडची आई पहिल्याच फोनवर विचारते, "मग कधी येतेस?" ही रीत मुलीच्या भल्यासाठीच पडली होती. सासरच्या रामरगाड्यातून तिची सुटका व्हावी, सव्वा महिना तिला कुणी कामाला लावू नये, आईच्या हातचं गरम जेवण मिळावं, एवढा साधा आणि शहाणा हेतू त्यामागे होता. पण अमिरातीत राहणाऱ्या जोडप्याला व्हिसा, रजा, विमा आणि विमान कंपनीचे नियम एकत्र बघावे लागतात, आणि बहुतेक घरांत ते फार उशिरा बघितले जातात. बाळंतपण कुठे करायचं हे पाचव्या महिन्यातच ठरलं पाहिजे, आणि शेवटचा शब्द बाळंत होणारीचा असला पाहिजे.

आधी दिवस मोजून पाहू.

बहुतेक विमान कंपन्या २८व्या-२९व्या आठवड्यापासून डॉक्टरांचं पत्र मागतात. एमिरेट्समध्ये एकच बाळ असेल तर ३६व्या आठवड्यानंतर आणि जुळं असेल तर ३२व्या आठवड्यानंतर प्रवास करता येत नाही. कंपनीगणिक नियम थोडे बदलतात. म्हणून पत्राची कटकट नको, सातव्या महिन्यातली ओटीही माहेरीच भरावी, असं म्हणून अनेक जणी २८व्या आठवड्याच्या सुमारास निघतात. तिथून चाळिसाव्या आठवड्यापर्यंत होतात ८४ दिवस. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परतायचं म्हटलं तर आणखी ९०. बेरीज १७४. अमिरातीचा नेहमीचा रहिवासी व्हिसा सलग १८० दिवस देशाबाहेर राहिल्यास रद्द होतो. म्हणजे हातात उरतात ते सहा दिवस. त्यात बाळाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि अमिरातीचा प्रवेश परवाना यांतलं एखादं काम रखडलं, की आईचाच व्हिसा धोक्यात येतो.

नोकरी करणाऱ्या आईचा हिशेब याहून अवघड आहे. २०२१च्या ३३व्या क्रमांकाच्या संघीय कामगार कायद्यानुसार खाजगी क्षेत्रात बाळंतपणाची रजा ६० दिवसांची मिळते, ४५ दिवस पूर्ण पगारी आणि १५ दिवस अर्ध्या पगारी. हा कायदा फेब्रुवारी २०२२पासून लागू आहे. भारतात २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात, आणि माहेरचे लोक नकळत तोच हिशेब गृहीत धरतात. इथे मात्र २८व्या आठवड्यात निघालेल्या नोकरदार बाईला बाळ जन्मायच्या आधीच ६० दिवसांहून जास्त रजा लागते. वडिलांना पालकत्वाची रजा मिळते ती पाच कामकाजी दिवसांची. बाळ कोल्हापुरात आणि वडील अबुधाबीत असतील तर त्यातला बराच वेळ प्रवासातच जातो.

प्रवासाच्या धोक्याबद्दलही नीट बोलायला हवं. दुबई-मुंबई विमानप्रवास साधारण तीन तासांचा, आणि गर्भारपण सुरळीत असेल तर तो बहुतेक जणींना झेपतो. थकवा येतो तो त्यापुढे. मुंबईत उतरून पावणेचारशे किलोमीटरवरच्या कोल्हापूरला गाडीने जायचं, ते बहुधा रात्रभर जागून. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करणं, भरपूर पाणी पिणं आणि सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून घेणं, हे घरातल्या चालवणाऱ्यानेही लक्षात ठेवावं.

"पण परदेशात बाळंत व्हायचं?" ही काळजी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. अमिरातीचा इतिहास तिला चांगलं उत्तर देतो. अल ऐनमध्ये १९६० साली पॅट आणि मेरियन केनेडी या अमेरिकन डॉक्टर दांपत्याने ओॲसिस रुग्णालय सुरू केलं, तेव्हा त्या भागात आधुनिक प्रसूतीची सोय नव्हती. आजचे राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद यांचा जन्म १९६१ साली तिथलाच. त्या रुग्णालयाचं नाव आता कनाद आहे. अबुधाबीतलं कॉर्निश रुग्णालय आणि दुबईतलं लतिफा ही प्रसूतीसाठी नावाजलेली मोठी रुग्णालयं आहेत, आणि मराठी कळणाऱ्या डॉक्टर व परिचारिकाही इथे भेटतात.

मात्र इथे बाळंत व्हायचं तर कागद आधी हवेत. जन्मदाखल्यासाठी विवाह प्रमाणपत्र लागतं आणि ते भारतातून साक्षांकित होऊन यावं लागतं. हे काम आठव्या महिन्यात सुरू करणं म्हणजे संकट ओढवून घेणं. अमिरातीत जन्मल्याने बाळाला इथलं नागरिकत्व मिळत नाही. भारतीय नागरिकत्वासाठी जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात करावी लागते, आणि बाळाचा रहिवासी व्हिसा १२० दिवसांत काढला नाही तर दंड लागतो. दुबईत नवजात बाळाला पहिले ३० दिवस आईच्या विम्याचं संरक्षण असतं. त्यानंतर त्याचा स्वतःचा विमा लागतो.

विम्यावरच बऱ्याच घरांचा निर्णय ठरतो, आणि ठरायलाही हवा. शारजा, अजमान आणि इतर उत्तरेकडच्या अमिरातींत खाजगी कर्मचाऱ्यांचा विमा जानेवारी २०२५पासून सक्तीचा झाला. पत्नीच्या विम्याची आणि त्यातल्या प्रसूतीच्या मर्यादेची चौकशी मात्र स्वतंत्रपणे करावी लागते. ज्यांना असं संरक्षण नाही, नवरा बारा-बारा तास कामावर असतो आणि घरात दुसरं माणूस नाही, त्यांनी माहेरी जाणंच योग्य. तिथे रीत आणि व्यवहार एकाच बाजूला आहेत. फक्त परतीचा दिवस आधी ठरवून जावं.

ज्यांचा विमा पुरेसा आहे, त्यांनी मुलीला तिकडे पाठवण्याऐवजी आईलाच इकडे बोलवावं. ६० दिवसांच्या पर्यटक व्हिसात सव्वा महिना आरामात बसतो. येणाऱ्या आजीला एक गोष्ट आवर्जून सांगावी: डिंकाच्या लाडवात खसखस घालू नका. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती सामानात सापडली तर गंभीर कारवाई होऊ शकते. हळिवाचे लाडू, सुंठ, बदाम खुशाल आणावेत.

दुसऱ्या खेपेला बरोबर मोठं मूल असतं. अमिरातीत चार वर्षांखालच्या मुलाला गाडीत बालआसन सक्तीचं आहे, आणि सुट्टीत गावी गेल्यावर तेच मूल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसवलं जातं. नियम देशाचा असला तरी अपघात सीमा बघत नाही, म्हणून आसन बरोबर न्यावं. लसींची वहीही हातसामानात ठेवावी. भारतात बाळाचे मुख्य डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात, इथे दोन, चार आणि सहा महिन्यांना. दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकच वही दिसली नाही तर डोस चुकतो किंवा दुबार होतो.

या सगळ्यात इथल्या मराठी मंडळांनी आपला वाटा उचलावा. डोहाळजेवणाचा कार्यक्रम होतो, त्याच दिवशी अर्धा तास विमा आणि कागदपत्रांच्या माहितीसाठी द्यावा. वापरलेली पण अपघात न झालेली बालआसनं एका घरातून दुसऱ्या घरी जातील अशी नोंदवही ठेवावी. ज्या बाळंतिणीजवळ आई किंवा सासू येऊ शकत नाही, तिच्या घरी पहिले ४० दिवस पाळीपाळीने डबा पोचवावा. ज्या घरी आज गोड बातमी आहे त्यांनी याच आठवड्यात विम्याची पॉलिसी, विवाह प्रमाणपत्र आणि रजेचा नियम ही तीन कागदपत्रं टेबलावर मांडावीत, आणि तिला विचारावं: तुला कुठे बरं वाटेल?