नदीचा श्वास आणि सूक्ष्मजीवांचा सहकार

फाल्गुन सरत आला की कृष्णेचे पात्र रोडावते. माधवनगरहून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या गाड्या विरळ होतात, गळीत हंगाम आवरत येतो आणि उन्हाने नदीचे पाणी तापू लागते. मार्च २०२३ मध्ये, याच दिवसांत, सांगलीजवळ कृष्णेच्या पाण्यावर मेलेल्या माशांचा खच तरंगला. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, यंत्रणांनी पाण्याचे नमुने नेले. पुढे पावसाळा आला, नदी दुथडी भरली आणि विषयही तिच्याबरोबर वाहून गेला.

दोष कोणाचा, याचा निवाडा करणे यंत्रणांचे काम आहे. अशा घटनेमागची कारणेही एकाहून अधिक असू शकतात. परंतु नदीत मासे गुदमरतात तेव्हा नेमके काय घडते, हे जाणून घेणे काठावरच्या प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य आहे.

पुष्कळांची समजूत अशी की, पाण्यात विष मिसळते आणि मासे मरतात. प्रत्यक्षात अनेकदा विषाची गरजच नसते. पाण्यात साखर, सेंद्रिय आम्ले किंवा सांडपाणी मिसळले की तेथील जिवाणूंना मेजवानी मिळते. ते झपाट्याने वाढतात आणि ते अन्न पचवताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पाणी तापले की तोही घटतो. ४ मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक मासे तगमगू लागतात. जिवाणू येथे खलनायक नाहीत. नदी स्वच्छ करण्याचे आपले नित्याचे कामच ते करत असतात. ओझे त्यांच्या आणि नदीच्या ताकदीबाहेरचे असते, इतकेच.

हे ओझे किती असू शकते? मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारणपणे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे गडद तपकिरी सांडपाणी, तयार होते. ते पचवण्यासाठी जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ज्याला शास्त्रज्ञ ‘बीओडी’ म्हणतात, लिटरमागे ४० हजार मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक भरतो. हिशेब सोपा आहे. असे एक लिटर पाणी नदीच्या पाच हजार लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकते. म्हणूनच नदीत सोडण्याच्या पाण्यासाठी ही मर्यादा अवघी ३० मिलिग्रॅम ठेवलेली आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू. जे सांडपाणी नदीचा श्वास कोंडते, तेच बंद टाकीत घातले तर इंधन देते. प्राणवायूविना जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे तेथे एक प्रकारचे सहकारी मंडळ चालते. एक गट मोठे रेणू फोडून आम्ले बनवतो, दुसरा त्या आम्लांचे रूपांतर अधिक साध्या पदार्थांत करतो आणि तिसरा त्यापासून मिथेन वायू तयार करतो. पहिल्याने घाई केली आणि तिसरा मागे पडला की टाकी आंबते व सारे काम ठप्प होते. सहकार म्हणजे काय, हे सांगली जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. येथे तो टाकीच्या आतही पाळावा लागतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्यापासून मिळणारा असा वायू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वापरला जात होता. तंत्र नवे नाही.

तरीही येथे थांबून चालत नाही. वायू काढून घेतल्यावर बीओडी ९० टक्के उतरला असे मानले, तरी ४० हजारांतून ४ हजार उरतोच. घरगुती सांडपाण्याचा बीओडी २०० ते ३००च्या घरात असतो, हे लक्षात घेतले म्हणजे उरलेल्याची तीव्रता कळते. शिवाय रंग जात नाही. हा रंग ‘मेलानॉइडिन’ नामक पदार्थांचा. साखर आणि अमिनो आम्ले तापवली की ते बनतात. सामान्य जिवाणूंना ते सहजी पचत नाहीत. पाण्यात उतरणारा सूर्यप्रकाश ते अडवतात, त्यामुळे शेवाळाकडून मिळणारा प्राणवायूही घटतो. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशी आपल्या विकरांनी हा रंग फोडू शकतात, असे प्रयोगशाळांत दिसले आहे. परंतु बुरशीला त्यासाठी वेगळे अन्न पुरवावे लागते आणि प्रयोगशाळेतील यश कारखान्याच्या प्रचंड टाक्यांत उतरवणे सोपे नाही. म्हणून हे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळणे किंवा प्रेसमडबरोबर कुजवून खत करणे, हे मार्ग वापरले जातात. थेंबही बाहेर जाऊ नये, हाच नियम आहे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे मूळ २०३० साठीचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठले. परकीय तेलावरचे अवलंबन घटवणारे आणि ऊस उत्पादकाच्या हाती पैसा देणारे हे धोरण स्वागतार्हच आहे. परंतु स्वावलंबनाची किंमत नदीने मोजायची, हे मान्य करता येणार नाही. सहकारी कारखान्याचा सभासद आणि खालच्या गावात कृष्णेचे पाणी पिणारा माणूस अनेकदा एकच असतो, हे विसरून कसे चालेल? पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ऊस व साखर संशोधन संस्थेला सांगलीच्याच वसंतदादांचे नाव आहे. ज्ञानाची वानवा नाही. वानवा आहे ती नित्य तपासणीच्या शिस्तीची.

पाण्यातील प्राणवायू मोजण्याची विंकलरची पद्धत १८८८ पासून जगाला ठाऊक आहे. काही बाटल्या, मोजकी रसायने आणि दक्ष विद्यार्थी एवढ्यावर ती पार पडते. जिल्ह्यातील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले जाते. हंगामाच्या दिवसांत तेथील विद्यार्थ्यांनी घाटाघाटांवर रोज हा आकडा मोजावा, ग्रामपंचायतींनी तो फलकावर लिहावा आणि कारखान्यांच्या सभासदांनी वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर सांडपाण्याचाही हिशेब मागावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

औदुंबरला, नरसोबाच्या वाडीला आपण कृष्णामाईला हात जोडतो. ज्या मातेला वंदन करायचे, तिची नाडीही पाहिली पाहिजे. मासे तरंगल्यावर जागे होण्यापेक्षा आकडा उतरू लागताच जागे होणे, हीच तिची खरी सेवा ठरेल.