पगार वाढला, पण तासाचा दर? समजून घ्या आयटीतल्या पगारवाढीचं गणित

टीसीएसने १ सप्टेंबर २०२५पासून सुमारे ८० टक्के कर्मचाऱ्यांना पगारवाढ दिली. एरवी ती एप्रिलमध्ये मिळते. त्याआधी जुलैमध्ये कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक जणांची कपात जाहीर केली होती. जूनपासून आणखी एक नियम आला : वर्षात किमान २२५ दिवस 'बिलेबल' हवेत, म्हणजे ग्राहकाकडून पैसे मिळणाऱ्या कामाचे. बेंचवर ३५ दिवसांहून जास्त बसता येणार नाही.

थोडक्यात, कंपनी तुमचा एकेक दिवस मोजते. तुम्ही तास मोजता का?

एक उदाहरण घेऊ. पगार ४० हजार, महिन्याचे २२ दिवस, रोज ८ तास काम. तासाला साधारण २२७ रुपये पडतात. ६ टक्के वाढ मिळाली, पगार ४२,४०० झाला. पण टीममधला एक जण गेला, त्याचं काम वाटून आलं आणि दिवस ९ तासांचा झाला. आता तासाचा दर २१४ रुपये! लेटरवर वाढ, हिशोबात घट. महागाई तर अजून धरलेलीच नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७नुसार आठवड्याला मर्यादा ४८ तास; दिवसाची मर्यादा २०२५पर्यंत ९ तास होती. त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम. म्हणजे वरच्या उदाहरणातली घट पूर्णपणे कायदेशीर आहे. खरा प्रश्न होता दहाव्या तासाचा. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा १० तास, तर तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा १२५वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. २० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी.

मेख इथे आहे : व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागू नाही. अशा पदांची यादी कंपनीने वेबसाइटवर, वेबसाइट नसेल तर कार्यालयात ठळक जागी लावायची असते. तुमच्या पदनामात 'लीड' किंवा 'मॅनेजर' असेल, तर ती यादी एचआरकडे आधी मागा.

अंमलबजावणीचं काय? २०२४मध्ये पुण्यात 'ईवाय'च्या तरुण सीए कर्मचारीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र देशभर गाजलं. मग कामगार विभागाने तपासणी केली. त्या कार्यालयाची या कायद्याखालची नोंदणी २००७पासून झालेलीच नव्हती, असं अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं.