गार्गीनंतर पोकळी नव्हती



गेल्या रविवारच्या अंकातील पत्रात एका वाचकांनी लिहिले आहे की, याज्ञवल्क्यांनी गार्गीला दटावून गप्प केले आणि तिथेच स्त्रियांचे तत्त्वचिंतन संपले. दोन्ही विधाने अर्धवट आहेत.

बृहदारण्यकोपनिषदातील वादसभेत याज्ञवल्क्यांचा ‘मस्तक गळून पडेल’ हा इशारा ऐकून गार्गी थांबते, हे खरे. पण त्याच अध्यायात ती पुन्हा उठते, दोन बाणांसारखे दोन प्रश्न विचारते आणि शेवटी याज्ञवल्क्यांना वादात कोणी जिंकणार नाही, असा निवाडाही सभेला तीच सुनावते. गप्प झालेली व्यक्ती निवाडा देत नसते.

राहिले ‘संपले’चे. आम्हा श्रीरामपूरकरांना त्याच्या उत्तरासाठी लांब जायला नको. गोदावरी ओलांडली की वैजापूर तालुका. तिथल्या शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या). तुकोबांना गुरू मानणाऱ्या या सतराव्या शतकातील बाईने नवऱ्याचा मार सोसला, वासराच्या लळ्यापायी बोलणी खाल्ली आणि हे सारे स्वतःच्या अभंगांत सांगितले. शिवाय ब्राह्मण कोणाला म्हणावे, या प्रश्नाची चिकित्सा करणारी ‘वज्रसूची’ मराठीत आणली. जीव, देह, जात यांपैकी एकेक कसोटी बाद करत जाणारा तो युक्तिवाद आहे. केवळ भक्ती नव्हे.

आपण अशा बायांना ‘संत’ म्हणून हात जोडतो आणि ‘तत्त्वज्ञ’ म्हणायचे टाळतो. पोकळी परंपरेत नाही, आपल्या वाचनात आहे.

– एक वाचक, श्रीरामपूर