शिकविलेले हात हीच खरी मदत

जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या साहाय्यासाठी १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक रवाना झाले. देश स्वतः पारतंत्र्यात होता. तरीही काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनानुसार जनतेने निधी उभारला. या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीसही होते. कोटणीस मायदेशी परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांनी चीनमध्येच देह ठेवला.

त्यांच्या बलिदानाचे स्मरण होते, ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या कार्याचे दुसरे अंग उपेक्षित राहिले. ते चिनी भाषा शिकले. जानेवारी १९४१ मध्ये डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. शस्त्रक्रिया करता करता त्यांनी तेथील तरुणांना शस्त्रक्रिया शिकविली आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. पुढे ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले आणि १९६२ मध्ये त्याच चीनने भारतावर आक्रमण केले. त्या विचारसरणीशी आपला मतभेद कायम राहील. त्याने कोटणीसांच्या सेवेचे मोल उणावत नाही. शिजियाझुआंग येथील एक वैद्यकीय विद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

संकटकाळी तातडीची मदत अपरिहार्यच असते. २००९ मध्ये श्रीलंकेतील यादवी अखेरच्या टप्प्यात असताना भारताने प्रथम पुलमोड्डै येथे व नंतर मेनिक फार्म येथे रुग्णालय चालवून हजारो विस्थापितांवर उपचार केले. पण असे पथक कधी ना कधी परततेच. त्यानंतर जखम बांधणारा, बाळंतीण सोडविणारा, कृत्रिम पाय बसविणारा माणूस त्याच भूमीतील असावा लागतो. औषधांच्या पेट्या संपतात. शिकविलेली विद्या पुढच्या पिढीकडे जाते.

हा विचार वर्धा जिल्ह्याला नवा नाही. सेवाग्राम येथे १९६९ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. डॉक्टरने गाव ओळखावे, हा त्यामागील हेतू. गंभीर दुखण्यात सेवाग्राम अथवा नागपूर गाठणाऱ्या सिंदी (रेल्वे) येथील कुटुंबांना त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. जवळ जाणता माणूस नसला, म्हणजे गाडीची वाट पाहण्यात किती मोलाचा वेळ जातो, हे त्यांना ठाऊक आहे.

युद्धग्रस्त देशास मदत पाठविताना, किंवा आपल्याच गावात आरोग्य शिबिर भरविताना, किती रुग्ण तपासले हे अभिमानाने सांगितले जाते. त्याच अहवालात आणखी एक आकडा असावा : स्थानिक किती जणांना शिकविले? सेवाभावी संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा.