कविता विरुद्ध गद्य : एका सोयीस्कर द्वंद्वाविषयी

फुटबॉलच्या विश्वचषकात बाद फेरी सुरू झाली की आपल्याकडील लेखण्यांना एक जुना ज्वर चढतो. सामना अजून व्हायचा असतो, पण त्याचा अर्थ आदल्या दिवशीच लागलेला असतो. ब्राझील किंवा अर्जेंटिना म्हणजे कला, जर्मनी म्हणजे यंत्र, इटली म्हणजे तटबंदी. खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात. विशेषणे मात्र पिढ्यानपिढ्या वारसाहक्काने चालत येतात. आमचा आक्षेप या आळसाला आहे, आणि तो केवळ क्रीडापानांपुरता नाही.

८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंते येथे झालेला ब्राझील-जर्मनी उपांत्य सामना पाहा. त्याआधी चारच दिवस कोलंबियाविरुद्ध या तथाकथित कलावंतांनी ३१ फाउल केले होते. दोन्ही संघांचे मिळून ५४, म्हणजे त्या स्पर्धेतील सर्वाधिक. त्याच सामन्यात नेमार जायबंदी झाला आणि कर्णधार थियागो सिल्व्हावर पुढच्या सामन्याची बंदी आली. चेंडू पायाशी खेळवत, लहान लहान पासांतून जागा शोधत जाणारा संघ होता तो जर्मनीचा. त्याने २३व्या ते २९व्या मिनिटांदरम्यान चार गोल केले आणि सामना ७-१ असा जिंकला. मग 'यंत्राने कलेला चिरडले' असे म्हणणाऱ्यांनी नेमके काय पाहिले? आमच्या मते त्यांनी सामना पाहिलाच नाही. पूर्वी वाचलेलेच पुन्हा वाचले.

या द्वंद्वाला प्रतिष्ठित पूर्वज आहेत. १९३८ साली ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेरी यांनी आपल्या देशाच्या खेळातील नृत्यमय लवचिकतेचा संबंध तेथील मिश्रवंशीयतेशी जोडला आणि युरोपीय खेळाच्या भौमितिक शिस्तीसमोर ती उभी केली. वंशाच्या नावाने हिणवल्या गेलेल्या समाजाला त्यातून अभिमान मिळाला, हे आम्ही नाकारत नाही. १९७१ साली पासोलिनीने फुटबॉलला भाषा मानून गद्य आणि काव्य असा भेद केला. त्याच्या लेखी १९७० च्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या काव्याने इटलीच्या गद्याला हरवले होते. पण हा भेद तांत्रिक आहे, मूल्यात्मक नव्हे, असे त्याने स्वतःच बजावले होते. अनुयायांनी उपमा उचलली, इशारा टाकून दिला.

कोणी म्हणेल, एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर एवढा संताप कशासाठी? यासाठी की खेळाची शैली रक्तात असते असे एकदा मानले, की पराभवाचा दोषही रक्तातच शोधला जातो. १९५० साली माराकानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले, तेव्हा खापर फुटले ते गोलरक्षक बार्बोसा आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांवर. बार्बोसाने तो डाग २००० साली मरेपर्यंत वागवला. २०१४ च्या विजेत्या जर्मन संघातील मेसुत ओझिलने २०१८ मध्ये राष्ट्रीय संघ सोडताना हेच दुखणे मांडले : जिंकलो की आपण जर्मन, हरलो की स्थलांतरित.

मग शैली नसतेच का? असते, पण ती घडवली जाते. २००० च्या युरोपीय स्पर्धेत एकही सामना न जिंकता जर्मनी बाहेर पडली, आणि त्यानंतर तेथील व्यावसायिक क्लबांना युवा प्रशिक्षण केंद्रे सक्तीची झाली. २०१४ चा संघ या मशागतीचे पीक होते. त्याचे श्रेय 'राष्ट्रीय स्वभावा'ला देणे म्हणजे माणसांचे श्रम पुसून टाकणे होय.

वर्गात कवितेआधी कवीचा प्रांत, जात आणि संप्रदाय सांगून अर्थ उरकणाऱ्या अध्यापनाला आपण नावे ठेवतो. मग मैदानावरील संहितेला तोच न्याय का लावू नये? पुढच्या बाद सामन्याच्या आदल्या दिवशी लिहायचेच असेल, तर मधल्या फळीत चेंडू कोण मागतो, बचावपटू किती पुढे उभे राहतात, दमल्यावर कोणाची जागा रिकामी पडते, हे लिहावे. कविता कोणती आणि गद्य कोणते, ते नव्वद मिनिटांनंतर ठरवू.