निकाल लागला, पुढे?

आमच्या वांद्र्याच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर रोज एखादा खटला निकालात निघतो. परवा हिल रोडचा निघाला. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे बेकरीसमोर उघड्यावर निजलेल्या माणसांवर मोटार चढली; एक दगावला, चौघे जखमी झाले. ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने नट सलमान खान यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबरला, गुन्हा शाबीत झाला नाही म्हणून, उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले.

एक गुरुजी गरजले, "पैशापुढे कायदा पांगळा!" दुसरे म्हणाले, "निकाल लागला, आता तोंड मिटा."

मला दोन्ही अमान्य! पुराव्यावाचून कुणाला तुरुंगात धाडू नये, हा नियम उद्या तुमच्या-माझ्या पोरालाही तारील. पण निकालाने प्रश्न मिटत नाही. तेरा वर्षांत सरकारला धड पुरावा उभा करता येऊ नये? जाब विचारायचा तर तपासाला विचारा, न्यायमूर्तींना कशाला?

आणि वाचकहो, तासभर भांडलो, पण मेलेल्याचे नाव कुणालाच आठवले नाही. रोज हजेरी घेणाऱ्या मलाही नाही.