शनिवारचा भोंगा

परदेशी गेलेल्या माणसाविषयी बोलताना आपल्याकडे एक वाक्य हमखास येते : "होईल हळूहळू सवय!" थंडीची सवय, जेवणाची सवय, एकटेपणाची सवय. नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत गेलेल्या माझ्या आतेभावालाही घरातल्या वडीलधाऱ्यांनी हेच सांगून निरोप दिला. त्याच्याकडून तिकडची हकीकत ऐकल्यापासून मात्र मला या 'सवय' शब्दाचीच धास्ती वाटू लागली आहे.

तो मुलूख टोर्नॅडोचा. विज्ञानाच्या परिभाषेत याला 'घूर्णवाती वादळ' असा भारदस्त शब्द आहे. पण तो उच्चारून होईपर्यंत वादळ घरावरून निघून जायचे! बोलीत आपल्याजवळ 'वावटळ' आहे खरी. परंतु भर चैत्रात पाचोळा गोल फिरवणारी आणि पोरांना मागे धावायला लावणारी ती बिचारी वावटळ तापलेल्या जमिनीतून वर उठते. टोर्नॅडो गडगडाटी ढगातून खाली उतरतो. मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा, पश्चिमेकडची कोरडी हवा आणि वरच्या थरांतले वेगवान वारे यांची गाठ त्या सपाट प्रदेशावर पडते, विशेषतः एप्रिल ते जूनमध्ये. ३ मे १९९९ रोजी ब्रिज क्रीक आणि मूर या गावांवरून गेलेल्या टोर्नॅडोतला वारा ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास होता. अशा वाऱ्याची सवय कोणाला आणि कशी व्हावी?

सवय होते ती भोंग्याची. ओक्लाहोमा सिटीत दर शनिवारी दुपारी बारा वाजता टोर्नॅडोचे भोंगे चाचणीसाठी वाजतात. नवखा माणूस पहिल्या शनिवारी दचकून उभा राहतो. दहाव्या शनिवारी ताटावरून मानही वर करीत नाही. पुढे एका मे महिन्यात तोच भोंगा भलत्या वारी वाजला. शेजारी अंगणात उभे राहून आकाश न्याहाळत होते, म्हणून हाही त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला! पण त्या शेजाऱ्यांच्या निवांतपणामागे जन्मभराचे आकाश होते आणि गॅरेजच्या फरशीखाली पोलादी निवारा होता. याच्याजवळ वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली. निवांतपणाची नक्कल करता येते, निवाऱ्याची कशी करणार?

आणि मग शब्दांचा घोळ. तिकडे 'टोर्नॅडो वॉच' म्हणजे वादळाला अनुकूल स्थिती आहे, लक्ष ठेवा; 'टोर्नॅडो वॉर्निंग' म्हणजे ते दिसले आहे किंवा रडारवर सापडले आहे, आत्ताच्या आत्ता आडोसा गाठा. शब्दकोश पाहून हा फरक कळत नाही. टेक्सासमधील सारागोसा या स्पॅनिश भाषिकांच्या लहानशा गावात २२ मे १९८७ रोजी ३० माणसे दगावली. इशाऱ्याच्या स्पॅनिश भाषांतरात निकड उतरली नव्हती, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. गंमत अशी की, खुद्द अमेरिकेच्या हवामान खात्यानेच लोक घाबरतील म्हणून १९५० पर्यंत अंदाजात 'टोर्नॅडो' हा शब्द वापरायचे टाळले होते.

आज त्यांची व्यवस्था उत्तम आहे, हे मान्य केलेच पाहिजे. इशारा आणि वादळ यांत सरासरी दहा-पंधरा मिनिटे मिळतात. पण त्या मिनिटांत जायचे कुठे? २० मे २०१३ रोजी मूर येथे २४ जण मेले, त्यांत एकाच शाळेतली सात मुले होती. ती धास्ती ताजी असताना, अकराच दिवसांनी, ३१ मे रोजी पुन्हा वादळ आले. त्या रात्री ओक्लाहोमा सिटीत ग्वाटेमालाहून आलेली काही माणसे मुलाबाळांसह पावसाच्या पाण्याच्या भुयारी गटारात आडोशाला गेली आणि पुराच्या लोंढ्यात वाहून गेली. त्यांना इशारा कळला नव्हता असे कसे म्हणावे? कळला होता म्हणूनच तर ती घराबाहेर पडली. जवळपास सुरक्षित जागा कोणती, एवढे त्यांना ठाऊक नव्हते. मुरलेल्या लोकांनीही त्याच दिवशी मोटारी काढल्या आणि रस्ते तुंबले. एल रेनोच्या त्या टोर्नॅडोत गेलेली आठही माणसे मोटारींत होती. टिम समारास हा आयुष्यभर टोर्नॅडोचा अभ्यास केलेला संशोधक त्यांतलाच एक.

म्हणून माझे म्हणणे असे की, नवख्याला धीर देण्यापेक्षा आधी जागा दाखवावी. हे काम घरमालकाचे आहे, नोकरी देणाऱ्याचे आहे आणि परदेशातल्या आपल्या मंडळांचेही आहे. दिवाळीच्या फराळाला दोनशे माणसे जमवणाऱ्यांना एप्रिलमध्ये नव्या माणसाच्या घरी एक चक्कर मारणे जड जाऊ नये.

आतेभावाला अखेर खालच्या मजल्यावरच्या एका वृद्ध बाईंनी शहाणे केले. त्यांच्या घरी जिन्याखाली बिनखिडकीची अडगळीची खोली आहे. वॉर्निंग होताच दार ठोठवायचे, डोक्यावर सायकलचे शिरस्त्राण ठेवायचे आणि पायांत बूट घालूनच यायचे, असे त्यांनी बजावले. बूट कशाला, असे याने विचारले. वादळ गेल्यावर काचांवरून चालत बाहेर यावे लागते, त्या म्हणाल्या.